तास कुणाचे मोजायचे?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या 'फ्रॅटर्निटी' या पोरांच्या मंडळांविषयी लेख आला होता. दारू, धिंगाणा आणि नव्या पोरांचा छळ, एवढेच त्यात होते. लिहिले ते खोटे नाही. पण मी सप्टेंबर ते फेब्रुवारी असे सहा महिने लेकीकडे, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या स्टेट कॉलेज या गावी काढून नुकताच परतलो आहे. तिथे चार फ्रॅटर्निटीवाली पोरे दर गुरुवारी दुपारी लहान मुलांबरोबर फरशीवर बसकण मारून बसलेली मी पाहिली आहेत. त्याविषयी लिहायचे आहे. पत्र लांबले तर कात्री चालवा, फक्त शेवटची मागणी तेवढी ठेवा.

गडहिंग्लज भागातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवत होतो आणि अकरा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, कार्यक्रम अधिकारी होतो. त्यामुळे कॉलेजची पोरे 'सेवा' करताना दिसली की माझी नजर आपोआप तपासणीसाची होते. सौ. म्हणतात, तुम्ही देवळात प्रसाद वाटणाऱ्यांचीसुद्धा हजेरी घ्याल.

फ्रॅटर्निटी म्हणजे काय, हे जावयांनी दोनदा समजावले तरी माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच विचारले, "म्हणजे आपल्या कोल्हापूरची तालीम का?" ते थोडे थांबून म्हणाले, "हो बाबा, आखाडा सोडून बाकी सगळं तेच." तेव्हा लख्ख कळले. एका घरात वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त पोरे एकत्र राहतात, त्याला 'हाऊस' म्हणायचे. दारावर दोन-तीन ग्रीक अक्षरे. आत घेतलेला प्रत्येक जण 'ब्रदर'. कोण कुठल्या हाऊसचा, हे पेठेतल्या पोराने आपण अमक्या तालमीचे म्हणून सांगावे तशा तोऱ्यात सांगतात. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारी पहिली मंडळी १७७६ साली व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात जमली ती वादविवाद आणि अभ्यासासाठी. राहती घरे, मेजवान्या हे सगळे नंतरचे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या मंडळींत जागा नव्हती, तेव्हा त्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आपली वेगळी अल्फा फाय अल्फा काढली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचेच सभासद झाले. सेवेलाच वाहिलेली अल्फा फाय ओमेगा १९२५ ची. ती पेन्सिल्व्हेनियातल्याच एका कॉलेजात स्काउटच्या विचारावर सुरू झाली, आणि तिला असे राहते घर नसते. तालमींतही फरक असतोच की! एक रक्तदान शिबिर घेते, दुसरी विसर्जनाला डॉल्बी लावते, आणि पुष्कळदा दोन्ही करणारी एकच असते.

मी त्या पोरांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. याच गावात २०१७ मध्ये एका हाऊसमध्ये नव्या सभासदांना दारू पाजण्याच्या प्रकारात एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. पुढच्या वर्षी त्या राज्याने त्याच्या नावाने छळविरोधी कायदा केला. आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्याने रॅगिंग किती थांबले ते आपल्याच वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा 'ते वाईट, आपण चांगले' असे म्हणायला मला तरी तोंड नाही.

आता गुरुवारविषयी.

माझी नात दुसरीत आहे. लेक-जावई दोघेही कामावर, म्हणून शाळा सुटल्यावर ती एका चर्चच्या तळघरात चालणाऱ्या वर्गाला जाते. तिथे पंचवीसेक मुले, बरीचशी अशांची की ज्यांचे आईबाप हॉटेलात किंवा साफसफाईच्या कामाला जातात. मुलांनी खायचे, गृहपाठ करायचा, थोडे वाचायचे. तिला पोचवायला मी जायचो आणि थंडी वाढली तसा तिथेच बसायला लागलो. पहिल्या आठवड्यात मी हौसेने म्हणालो, मी तीस वर्षे शिक्षक होतो, दोन मुलांना गणित सांगतो. वर्ग चालवणाऱ्या बाई हसल्या, चहा दिला आणि एक कागद पुढे सरकवला. मुलांबरोबर काम करायचे तर राज्य पोलिसांचा दाखला हवा, मुलांच्या छळाच्या नोंदवहीत तुमचे नाव नाही याचा वेगळा दाखला हवा, आणि दहा वर्षे सलग त्या राज्यात राहिलेले नसाल तर बोटांचे ठसे द्यायला हवेत. ही तपासणी दर पाच वर्षांनी पुन्हा.

खरे सांगतो, मला राग आला. सदुसष्टाव्या वर्षी माझे ठसे? घरी येऊन लेकीपुढे तणतणलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हे गाव कुठलं आहे माहीत आहे ना?" मग तिने सांगितले. याच गावातल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा एक प्रशिक्षक, गावाचा लाडका माणूस. त्याने १९७७ मध्ये गरजू मुलांसाठी संस्था काढली होती. २०१२ मध्ये तोच मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या ४५ आरोपांत दोषी ठरला. ती मुले त्याला त्या संस्थेतूनच मिळाली होती. त्यानंतर राज्याने मुलांच्या संरक्षणाचे कायदे कडक केले आणि माझ्यापुढे सरकवलेला तो कागद त्यातूनच आला. त्यावर मी काय बोलणार? परतीला थोडेच महिने होते म्हणून ठसे दिले नाहीत. बाईंनी मला भिंतीजवळ एक खुर्ची दिली. तिथे बसून पेपर वाचायचा, मुलांच्या टेबलाकडे जायचे नाही. सहा महिने मी ती सीमा ओलांडली नाही, पण डोळे काही पेपरात नव्हते.

गुरुवारी साडेतीनला चार पोरे यायची. चौघे एकाच हाऊसचे. छातीवर ग्रीक अक्षरांचा शर्ट, उघड्या पोटऱ्या (बाहेर शून्याखाली तापमान, पण यांना अर्धी चड्डीच लागते), आणि चौघांचेही दाखले बाईंच्या फाइलीत. त्यातला एक आडदांड, कान जरा मोडलेले. मी मनात त्याचे नाव 'पैलवान' ठेवले. पुढे कळले की शाळेत तो खरेच कुस्ती खेळायचा. त्याच्या वाट्याला एक सात वर्षांचा मुलगा आला. त्याला वाचन म्हणजे शिक्षा वाटे. पुस्तक उघडले की याला तहान लागायची, शू लागायची, बुटाची नाडी सुटायची.

दुखणे साधे होते. त्याला इंग्रजीतले 'बी' आणि 'डी' वेगळे दिसतच नव्हते. आपल्याकडे 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत पोरे अडकतात, अगदी तसे. पैलवानाने दोन-तीन गुरुवार नुसते 'नाही, पुन्हा बघ' करून पाहिले. चौथ्या गुरुवारी तो कुठून तरी युक्ती शिकून आला. दोन्ही मुठी समोर धरायच्या, अंगठे वर करायचे आणि मुठी एकमेकींना भिडवायच्या. डाव्या हाताचा झाला बी, उजव्याचा डी, आणि मधल्या मोकळ्या जागेत 'ई' आहे असे समजायचे. बेड! म्हणजे पलंग. दोन्ही बाजूंना अंगठ्यांच्या खुंट्या, मध्ये गादी. पोराने स्वतःच्या चिमुकल्या मुठी तशा धरल्या, मग पैलवानाच्या त्या नारळाएवढ्या मुठींकडे पाहिले आणि म्हणाला, "तुझा पलंग मोठा आहे." त्या दिवसापासून अडले की टेबलाखाली गुपचूप मुठी जुळवायच्या, पाहायचे आणि वाचायचे. तीस वर्षे शिकवून मला 'घ-ध' साठी असली हातातली खूण सुचली नाही, याची भिंतीजवळ बसल्या बसल्या लाज वाटली.

तास संपला की चौघे बाईंपुढे रांगेत उभे. कागदावर सही हवी. हाऊसमध्ये प्रत्येकाने एका सत्रात ठरावीक तास सेवा करायची असते, त्याचा पुरावा. हे पाहून मला हसूच फुटले. सात समुद्र ओलांडून आलो तरी हजेरीपत्रक सुटले नाही! आमच्याकडे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर, तेव्हा प्रमाणपत्र. योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे तिचे ब्रीद. ब्रीद तुमच्यासाठी असले तरी तास मात्र आम्ही पहिल्यापासून आमचेच मोजले.

तासांसाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असे सात्त्विक लोक म्हणतात. मला ते पटत नाही. वाढीव गुणांसाठी नाव नोंदवलेली किती तरी पोरे पुढे जीव तोडून काम करताना मी पाहिली आहेत. सक्तीने आलेला माणूसही एखाद्या मुलापुढे बसला की कधी तरी विरघळतो. सक्तीबद्दल माझी तक्रार नाहीच. आपली वही कुणाच्या बाजूने लिहिली जाते, ही आहे.

आता माझेच सांगतो. एका वर्षी आमचे शिबिर डिसेंबरात होते आणि जवळच साखर कारखान्यासाठी आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडल्या होत्या. बीडकडची माणसे. पहाटे आईबाप फडात गेले की मागे राहायची ती पोरे, म्हातारी आणि कुत्री. आम्ही ठरवले, सकाळी श्रमदान, दुपारी या मुलांना शिकवायचे. पन्नास स्वयंसेवक, सात दिवस. पोरांनी मन लावून शिकवले, मी कुणाला नावे ठेवणार नाही. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, अंगात बापाचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एक विद्यार्थिनी त्याच्याकडून पाटीवर 'घ' आणि 'ध' गिरवून घेत होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारले, "ताई, उद्या म आणि भ ना?" ती 'हो' म्हणाली.

मी तिथेच उभा होतो. उद्या समारोप आहे, हे मला माहीत होते आणि तिलाही. ती लबाड नव्हती. त्या पोराच्या तोंडाकडे पाहून तिच्या तोंडून 'हो' गेले असणार. पण मी काय केले? काही नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, हार-नारळ झाले, मनोगते झाली, फोटो निघाले. मी अहवालात लिहिले, 'ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शैक्षणिक उपक्रम, स्वयंसेवक ५०'. विद्यापीठाने कौतुकाचे पत्र पाठवले. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. टोळी मार्चपर्यंत तिथेच होती, माझ्या घरापासून स्कूटरवर पंचवीस मिनिटांवर. मी एकदाही गेलो नाही. तास पुरे झाले होते.

तर त्या तळघरात डिसेंबर आला. कॉलेजच्या परीक्षा, मग नाताळची सुट्टी. पोरे आपापल्या गावी जाणार आणि थेट जानेवारीच्या मध्याला उगवणार. शेवटच्या गुरुवारी बाकी तिघांनी आपापल्या मुलांना टाळ्या दिल्या, सह्या घेतल्या आणि निघाले. पैलवान बसून राहिला. त्याने एका कागदावर पाच चौकोन काढले. पहिले चार मोकळे, पाचव्यात एक पलंग. पोराला सांगितले, एक गुरुवार गेला की एक फुली मार, पलंगाच्या गुरुवारी मी येतो. कागद टेबलाच्या बाजूला भिंतीवर चिकटवला. त्यातल्या दोन गुरुवारी तर वर्गालाच सुट्टी होती, त्यामुळे पोराने परत आल्यावर दोन फुल्या एकदम मारल्या, त्याही फार गंभीरपणे.

पलंगाच्या गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होते. शाळा कशीबशी चालू होती. साडेतीन झाले, पावणेचार झाले. पोरगा पुस्तक उघडेना, दाराकडेही बघेना. नाडी सोडायची, बांधायची. माझे पेपरचे पान किती वेळ उलटले नव्हते, कुणास ठाऊक. चार वाजायला आले तेव्हा जिन्यावर बूट आपटल्याचा आवाज आला. पैलवान. डोक्यावर, खांद्यावर बर्फ. पोराने काय करावे? मान वरही न करता म्हणाला, "तू उशिरा आलास." आणि मुठी जुळवून समोर धरल्या.

बाकी तिघे जानेवारीत आले नाहीत. त्यांचे तास डिसेंबरातच भरले होते. त्यांच्या जागी तीन नवे आले, चांगले होते बिचारे. पण माझी नात ज्याच्याबरोबर वाचायची तो आला नाही, आणि तिने घरी विचारले, "आजोबा, मी काही चुकीचं वाचलं होतं का?" मोठ्यांच्या सत्राचा हिशेब सात वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? तिला वाटले, आपलेच काही तरी चुकले.

फेब्रुवारीत लेक आम्हाला विद्यापीठाचा, मदतनिधी जमवण्यासाठीचा नाचाचा सोहळा दाखवायला घेऊन गेली. फ्रॅटर्निट्यांच्या परिषदेने १९७३ साली तो सुरू केला, तेव्हा तीस तास नाच होता आणि दोन हजारांवर डॉलर जमले होते. आता ४६ तास, बसायचे नाही, झोपायचे नाही. १९७७ पासून सगळा पैसा कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारासाठी आणि त्यावरच्या संशोधनासाठी जातो. २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर जमले. स्टेडियम गच्च भरलेले, आणि बरी झालेली, बरी होत असलेली पोरे पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन नाचणाऱ्यांना भिजवत होती. सौ. रडल्या. मीही थोडा. त्या लोकांत या कामाला 'फिलॅन्थ्रपी' म्हणतात आणि तळघरातल्याला 'सर्व्हिस'. पैसा जमवणे वेगळे, अंग लावणे वेगळे. मात्र मला त्या झगमगाटापेक्षा एक गोष्ट जास्त आवडली. तिथे एकेका हाऊसला एकेक आजारी मुलाचे कुटुंब जोडून दिलेले असते आणि सोहळा संपल्यावरही पोरे त्या घराशी संबंध ठेवतात. म्हणजे ते मूल आणि ती पोरे एकमेकांना नावाने ओळखतात. आमच्या अहवालातल्या 'मुले' या शब्दात एकही नाव नव्हते.

आता मागणी. विद्यापीठांच्या एनएसएस विभागांनी लहान मुलांसाठीच्या उपक्रमांचे तास मुलाच्या बाजूने मोजावेत. 'स्वयंसेवक ५०, दिवस ७' ही नोंद आता बंद करा. 'या मुलाकडे तोच दादा, तीच ताई किती वेळा आली' असा रकाना वहीत घाला. पन्नास जणांनी सात दिवस जाण्यापेक्षा पाच जणांनी ऊसतोडीच्या हंगामात दर आठवड्याला जावे. हिशेबही बसतो: नोव्हेंबर ते मार्च वीस आठवडे, दोन-दोन तास, म्हणजे चाळीस. वर्षाच्या १२० मधले ऐंशी झाडे लावायला आणि प्रभातफेऱ्यांना उरतात. परीक्षेमुळे खंड पडणार असेल तर मुलाला आधी सांगावे, आणि परत येण्याचा दिवस ठरवून द्यावा.

दुसरे, जाण्याआधी पडताळणी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा आपला पॉक्सो कायदाही २०१२ चाच, त्या प्रशिक्षकाला शिक्षा झाली त्याच वर्षीचा. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, असे २०२० च्या नियमांत आहे. पण तो शब्द कर्मचारी आहे. शिबिराला आलेला स्वयंसेवक, वाढदिवसाला वह्या वाटायला आलेला दाता, निवृत्त होऊन हौसेने शिकवायला आलेला माझ्यासारखा मास्तर, यांना कुणी काही विचारत नाही. अकरा वर्षांत मी शेकडो पोरे आश्रमशाळांत आणि वस्त्यांवर नेली. एकाचाही दाखला मागितला नाही. काही वाईट घडले नाही, हे माझे नशीब. त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

येत्या हंगामात टोळ्या आल्या की मी आणि माझे दोन माजी स्वयंसेवक दर गुरुवारी खोपीवर जाणार आहोत. त्यासाठी गेल्या आठवड्यात स्वतःच्या चारित्र्य पडताळणीला ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा निघाला. "सर, पासपोर्ट तर झालाय की तुमचा. आता आणि कशाला?" मी म्हणालो, ऊसतोड्यांच्या पोरांना शिकवायचे आहे. त्याने पेन खाली ठेवले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

"त्याला कशाला लागतंय सर? तिथं कोण विचारतंय?"

आपला,
राष्ट्रीय सेवा योजनेचा एक निवृत्त कार्यक्रम अधिकारी,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर